सरकारी ताट जरा जास्तच भरलेलं असतं का?

पातळभाजी

आमच्या ह्यांच्या कंपनीत दरवर्षी तपासणी होते. यंदा शुगर काठावर आली, आणि सोबत एक छापील कागद मिळाला. कागदावर ताटाचं चित्र, खाली 'दैनंदिन गरज : २००० कॅलरी'. बस्स. माणसाचं वजन, वय, काम, काही नाही.

आता झालं असं, की ह्यांनी ते उद्दिष्ट मानलं. फोनवर अ‍ॅप घेतलं, खाल्लेलं त्यात भरायला लागले. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात डब्याचा आवाज आला म्हणून बघते, तर चिवडा. मी म्हटलं, आत्ता जेवलात ना? तर म्हणतात, "अगं, अजून तीनशेऐंशी शिल्लक आहेत."

शिल्लक! जणू रेशनचा कोटा, महिना संपला की बुडेल.

मग मीच हट्टाला पेटले. केकसाठी घेतलेला वजनकाटा काढला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) २०२४ च्या मे महिन्यात काढलेली मार्गदर्शक तत्त्वं उघडून बसले. त्यात २००० कॅलरीचं ताट असं आहे : धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५, तेल-तूप २७ ग्रॅम. सगळं कच्चं वजन.

आमच्याकडची मोजणी : माझी घडीची पोळी, कणीक ४२ ग्रॅम. हे सकाळी तीन, रात्री तीन. झाले २५२. म्हणजे पाव किलोचा हिशेब पोळ्यांवरच संपला. त्यावर दोन्ही वेळचा भात मिळून ६० ग्रॅम तांदूळ, नाश्त्याचे पोहे ५०. (पोहे हे धान्य आहे, हे मला चाळीस वर्षं पोहे करून त्या दिवशी जाणवलं.) बेरीज ३६० च्या वर. आणि डाळ? चौघांत मिळून जेमतेम दीड वाटी शिजवते.

तर प्रश्न असा : हे सरकारी आकडे मुळातच लोकांना जास्त खायला लावतात का? की आमच्याच घरी वाचण्यात गफलत आहे?

चतकोर

'तीनशेऐंशी शिल्लक' 😂 आमच्या बाबांना सांगू नका. ते मागच्या महिन्यातल्या उपासांचे पण धरतील.

मेथीची जुडी

पातळभाजी, मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. असा कागद छापणाऱ्यांचा मला रोज राग येतो, म्हणून जरा लांब लिहिते.

ऊर्जेचा आकडा हा सरासरी असतो. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं यांचा शिफारस केलेला आकडा काढताना सरासरी गरजेवर वर मार्जिन धरतात, म्हणजे जवळजवळ सगळ्यांची गरज त्यात भागावी. लोह चार मिलिग्रॅम जास्त गेलं तर सहसा काही बिघडत नाही. ऊर्जेला हे मार्जिन मुद्दामच देत नाहीत, कारण इथे जास्तीचं सगळं कमरेला जाऊन बसतं. पण मार्जिन नाही याचा अर्थ, एकाच वयाची, वजनाची आणि कामाची शंभर माणसं उभी केली तर साधारण निम्म्यांना त्या आकड्यापेक्षा कमी लागतं. ही ओळ कुठल्याच पोस्टरवर येत नाही.

दुसरं. एनआयएनच्या २०२० च्या गरजांच्या तक्त्यातला संदर्भ-पुरुष, म्हणजे ज्याला नमुना धरून हिशेब करतात तो, १९ ते ३९ वर्षांचा, ६५ किलोचा, निरोगी. संदर्भ-स्त्री ५५ किलोची. तुमच्या ह्यांचं वय काय?

पातळभाजी

अठ्ठावन्न. वजन विचारू नका, मी इथे सांगितलं तर घरात दोन दिवस अबोला.

मेथीची जुडी

मग तो आकडा त्यांचा नाहीच. तो त्यांच्या मुलाचा आहे.

बाकी 'सरकार जास्त खायला लावतं' याला एक पुरावा मात्र सरकारनेच दिलाय. २०१० च्या तक्त्यात बैठ्या कामाच्या पुरुषाला २३२० कॅलरी होत्या, २०२० मध्ये २११० केल्या. बायकांच्या १९०० च्या १६६० झाल्या. दहा वर्षांत भारतीय माणूस आकसला नाही, उलट संदर्भ-पुरुषाचं वजन ६० वरून ६५ किलो केलं होतं! हिशेबाची रीत सुधारली. आपला विश्रांतीचा खर्च, म्हणजे नुसतं पडून राहिल्यावर शरीर जे जाळतं ते, आंतरराष्ट्रीय सूत्रांनी येतं त्यापेक्षा कमी भरतो, हे त्यात धरलं.

आणि गंमत बघा. एनआयएनचीच २०११ ची जी पुस्तिका होती, तिच्यात बैठ्या कामाच्या पुरुषाला रोज ३७५ ग्रॅम धान्य लिहिलं होतं. तुमचे हे २०२४ च्या नव्हे, २०११ च्या पुस्तिकेप्रमाणे तंतोतंत जेवतायत.

पातळभाजी

हे मी त्यांना वाचून दाखवलं. "बघ, मी नियमानेच जेवतोय" असं उत्तर आलं.

फोडणी

सगळं छान, पण मुळाशी कोणी जात नाहीये. गोदामं गहू-तांदळाने भरलेली. मग पोस्टरवर धान्याचा ढीग येणारच. अमेरिकेत १९९२ साली तो पिरॅमिड काढला, तळाला ब्रेड-भात-पास्ता, रोज ६ ते ११ वाढप. तो कोणी काढला? शेती खात्याने. आरोग्य खात्याने नाही. पुढे तिथे काय झालं ते जग बघतंय.

एडिसनकर

फोडणी, मी न्यू जर्सीत पंचवीस वर्षं आहे, पिरॅमिडवाली पिढी माझ्या आजूबाजूलाच आहे. अर्धी गोष्ट बरोबर. पण ते एक 'वाढप' म्हणजे ब्रेडची एक चकती किंवा अर्धा कप शिजलेला भात. इथल्या दुकानातला एक बेगल खाल्ला की तीन-चार वाढपं तिथेच झाली. लोकांनी अकरा आकडा लक्षात ठेवला, चकती विसरले. २०११ साली पिरॅमिड मोडीत काढून ताट आणलं, ते यामुळेच थोडंफार.

२००० या आकड्याची मात्र कथा ऐकण्यासारखी आहे. १९९० मध्ये इथे कायदा झाला, पाकिटांवर पोषणतक्ता सक्तीचा. टक्केवारी काढायला एक पाया हवा होता. अन्न आणि औषध प्रशासनाने आधी २३५० सुचवले. त्यावर पोषणतज्ज्ञांनीच हरकत घेतली : एवढा मोठा आकडा छापलात तर बायका, म्हातारी माणसं तो आपला समजून जास्त खातील. मग खाली उतरून गोल २००० केला. म्हणजे हा आकडा कुणाची 'गरज' म्हणून आलाच नाही, टक्केवारीला सोयीचा म्हणून आला. तोच आता तुमच्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर पण आहे ना?

मेथीची जुडी

आहे. आपल्याकडच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत पाया २००० चाच : ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम संपृक्त, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, ५ ग्रॅम मीठ. यातल्या ५० ग्रॅम साखरेवर मी रोज वाद घालते. पुड्यावर '१० टक्के' वाचलं की लोकांना वाटतं फारच थोडी. अहो, ती मर्यादा आहे, गाठायची नसते! एनआयएनने स्वतः यावेळी २०-२५ ग्रॅमच्या आत राहा म्हटलंय. म्हणजे पुड्याच्या पाठीवर एक सरकारी आकडा आणि पुस्तिकेत त्याच्या निम्मा.

चतकोर

चार चहा, प्रत्येकी दोन चमचे. माझी पुस्तिका अकराच्या चहालाच मिटते.

जुना हिशोबनीस

हा वाद पुण्याला नवा नाही. पन्नास वर्षांपूर्वी इथेच कडाक्याचा झाला होता. तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून लिहितो, आणि थोडं लांबेल.

१९७१ साली गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. गरीब कोणाला म्हणायचं? तर माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढाही ज्याचा खर्च होत नाही, तो. १९६०-६१ च्या किमतींना ती रेघ खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. खेड्यातले साधारण ४० टक्के आणि शहरातले जवळपास निम्मे लोक तिच्या खाली निघाले. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्याला २४०० आणि शहराला २१०० कॅलरी धरल्या. देशाची दारिद्र्यरेषा बरीच वर्षं या दोन आकड्यांवर उभी होती.

याला हरकत घेतली पां. वा. सुखात्म्यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. संख्याशास्त्रातलं मोठं नाव, रोमला जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते, निवृत्तीनंतर पुण्यात आले. त्यांचं म्हणणं, सरासरी ही रेघ असूच शकत नाही. निरोगी माणसांचीच गरज सरासरीच्या खाली-वर पसरलेली असते. शिवाय एकाच माणसाची गरज आज एक, उद्या दुसरी. शरीर थोड्या कमी अन्नावर कार्यक्षमता वाढवून जुळवून घेतं. म्हणून रेघ सरासरीवर न काढता सरासरीतून दोन प्रमाण विचलनं (गरजा सरासरीपासून किती पसरल्यात त्याचं माप) वजा करून काढा. तसं केलं की उपाशी माणसांची संख्या धाडकन खाली येते. वरच्या मेथीताईंनी शंभर माणसं उभी करून जे सांगितलं, तेच हे.

दांडेकरांनी त्यावर झोड उठवली. १९८१ च्या सुमारास इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत दोघांची अक्षरशः जुगलबंदी चालली होती. आम्ही विद्यार्थी अंक आला की ग्रंथालयात रांग लावायचो. दांडेकरांचा सवाल : पोटाला कमी मिळालं तर शरीर जुळवून घेतं, हे तुम्ही कोणाला सांगताय? भरल्या पोटाच्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष उपाशी शेतमजुराला लावायचे? डॉ. गोपालन, जे पुढे पोषणशास्त्राचे पितामह म्हणून ओळखले गेले, तेही या 'लहान पण निरोगी', म्हणजे कमी अन्नावर शरीर लहान राहिलं तरी बिघडत नाही, या विचाराच्या विरोधात ठाम उभे राहिले. कमी खाऊन जुळवून घेतलेलं शरीर कमी काम करतं, मुलं खुरटतात, त्याला निरोगी म्हणू नका.

सुखात्म्यांवर एक अन्याय मात्र होतो. ते 'कमी खा' सांगत नव्हते. त्यांचा खरा आग्रह स्वच्छ पाण्याचा आणि संडासांचा होता. पोरगं महिन्यातून दोनदा हगवणीने आजारी पडत असेल तर वर कितीही कॅलरी ओता, खाली वाहून जाणार. हे बोलणं तेव्हा कोणाला फार ऐकू आलं नाही. दोघांतलं बरोबर कोण, हे मला आजही सांगता यायचं नाही. वाचनात मी दांडेकरांकडे झुकतो, मोजायला बसलो की सुखात्म्यांकडे.

मेथीची जुडी

काका, हे कॉलेजात एका परिच्छेदात उरकलं होतं आम्हाला. धन्यवाद.

डोंगरपाडा

मी जव्हारकडे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. इथे 'जास्त खायला लावतात' हे शीर्षक वाचून हसू आलं, मग थोडं वाईटही वाटलं.

आमच्याकडचे आकडे सांगते. पहिली ते पाचवीच्या पोराला शाळेतल्या दुपारच्या जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० आणि २०. धान्य १०० आणि १५० ग्रॅम. रेशनवर माणशी महिना ५ किलो. भागून बघा, दिवसाला १६७ ग्रॅम पडतात. तुमच्या ताटात २५० आहेत, आणि २०११ च्या पुस्तिकेत शेतमजूर बाईला ३३० होते. उरलेलं विकत. विकत म्हणजे दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जातं तेव्हाच्या उचलीतून.

गरोदर बाईला ३५० कॅलरी वाढीव हव्यात. तुमच्याकडे 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' म्हणून डिंकाचे लाडू, तूपभात, आणि बाळंतपणानंतर वजन उतरत नाही म्हणून जिम. माझ्या पाड्यावर तीच ३५० म्हणजे अमृत आहार योजनेतलं एक वेळचं जेवण. ते तिने अंगणवाडीत बसूनच खावं म्हणून आम्ही मागे लागतो, कारण डबा घरी नेला की चार तोंडांत वाटला जातो. गेल्या महिन्यात एक पोरगी, एकोणीस वर्षांची, सातवा महिना. अंडं पदराखाली घेऊन निघाली होती. मी हटकलं तर म्हणाली, "बाई, मोठ्या पोरीला अर्धं देते, अर्धं मी खाते." काय बोलणार?

तेव्हा आकडे खाली आणायचे असतील तर आणा, पण ते इथेही खाली येतील हे लक्षात ठेवा. आमची सगळी मंजुरी त्याच तक्त्यावरून होते.

जुना हिशोबनीस

बाई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. दांडेकरांची भीती हीच होती. २००९ साली तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेची कॅलरीशी बांधलेली गाठ सोडवली, २०१४ मध्ये रंगराजन समितीने पुन्हा बांधली, खेड्याला २१५५, शहराला २०९०. आकडा एकच, पण शहरातला माणूस तो कमाल म्हणून वाचत नाही आणि सरकार तो किमान म्हणून देत नाही.

फोडणी

म्हणजे माझं चुकलं का? गोदामाचं मी म्हणतोय ते बरोबरच आहे. डाळ-अंडी द्यायची सोडून तांदूळच का?

डोंगरपाडा

ते बरोबर आहे. तांदळाबद्दल भांडा, मी सोबत येते.

पहाटपाळी

विषय जरा बाजूला नेते. २०११ च्या त्या पुस्तिकेत कामाचे गट दिलेत. बैठं काम कोणाचं? शिक्षक, शिंपी, अधिकारी, गृहिणी आणि नर्स. मध्यम श्रम कोणाचे? मोलकरीण, विणकर, शेतमजूर आणि विड्या वळणारी बाई!

मी सरकारी रुग्णालयात वॉर्डात बारा वर्षं काढलीत. बैठं काम? ज्याने हा तक्ता केला त्याने एकदा रात्रपाळीत चाळीस खाटांच्या वॉर्डात यावं, येताना स्टूल घेऊन यावं, मी बसते त्यावर.

पातळभाजी

आणि गृहिणी बैठी म्हणे! घरातली धुणीभांडी मी केली तर बैठं काम, आमच्या मावशींनी केली तर मध्यम श्रम. भांडी तीच.

माडापोफळी

विडी वळणारी मध्यम श्रमात कशी, हे मलाही कळत नाही. बिचाऱ्या मांडी घालून बसूनच वळतात. तिला जास्त मिळालं त्याचं दुःख नाही, पण गंमत आहे.

आमच्याकडे रत्नागिरीत मोजमाप सोपं होतं. आजी पेजेची वाटी आणि बांगड्याचा तुकडा ठरलेला वाढायची. खलाशाला दोन तुकडे, मास्तरांना एक. ती तक्ता बघून वाढत नव्हती, कोण कुठून येतोय ते बघून वाढायची. आता खलाशाच्या नातवाला पण दोनच तुकडे लागतात, तो बँकेत असतो.

दोन वेळचा

इतकी चर्चा कशाला? दीक्षित सर सांगतात तसं, कडकडून भूक लागेल तेव्हा दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवा. मूळ विचार कै. डॉ. श्रीकांत जिचकारांचा. कॅलरी मोजायची भानगड नाही. माझं अकरा किलो उतरलं.

मेथीची जुडी

अभिनंदन. पण मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे परस्पर सुरू करू नये, एवढं लिहू द्या. माझ्याकडे शुगर खाली जाऊन आलेले पेशंट आहेत.

दोन वेळचा

तज्ज्ञ मंडळींचा धंदा बुडतो ना!

मेथीची जुडी

माझा पगार ठरलेला आहे, दादा. तुम्ही दोनदा जेवा नाहीतर आठदा.

एडिसनकर

अवांतर थांबवूया. पातळभाजी, पुढे काय झालं? मोजणी चालू आहे की काटा परत केकला?

पातळभाजी

चालू आहे. आठवडाभराचा हिशेब देते.

पोळी ४२ वरून ३० ग्रॅमवर आणली. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पुऱ्या केल्यास का गं?" संख्या तीच ठेवली, सहा. कोणाला कळलं नाही म्हणण्यात अर्थ नाही, पण कोणी चौथी मागितली नाही.

तेलाने मात्र लाज काढली. २७ ग्रॅम गुणिले चार माणसं गुणिले तीस दिवस, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत, लिटरमध्ये साडेतीन. आमचा पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो याचा मला आजवर अभिमान होता! त्यात तूप वेगळं, बाहेरचा वडापाव वेगळा.

आणि ज्यासाठी धागा काढला ते : मला आता ताट जास्त भरलेलं वाटत नाहीये. भलतीकडे भरलेलं वाटतंय. धान्य त्यांनी कमीच सांगितलंय. पण माणशी ४०० ग्रॅम भाजी, चौघांची रोज १६०० ग्रॅम. मंगळवारी तेवढी आणून ओट्यावर मांडली : एक जुडी मेथी, अर्धा किलो दुधी, पाव किलो गवार, गाजरं, काकडी, टोमॅटो. लग्नघर वाटत होतं. निवडायलाच पाऊण तास गेला (बैठं काम!). बुधवारी हजार ग्रॅमवर आले, गुरुवारी वांगी-बटाटा. बटाटा त्यात किती धरायचा, मेथीताई?

मेथीची जुडी

धरूच नका. मनातल्या मनात भातात टाका.

पातळभाजी

मग गुरुवार फुकट गेला.

डोंगरपाडा

पावसाळ्यात इकडे या. टाकळा, कुरडू, शेवळं, लोत, काटा लागणार नाही इतकी भाजी. दोन महिने आम्ही तुमच्या पुस्तिकेच्या पुढे असतो.

चतकोर

सगळं झालं, पण मुख्य प्रश्न राहिला. चिवड्याच्या डब्याचं काय?

पातळभाजी

वरच्या फळीवर ठेवलाय. आता मलाच स्टूल लागतं, त्यांचा हात पोचतो.